14 पासून 308 पर्यंत: तुतीचा अजब पसारा

तुतीची न छाटलेली फांदी वाकवून पाहा. एक पान अखंड, बदामी आकाराचे. शेजारच्याला एकाच बाजूने खाच, हातमोज्याच्या अंगठ्यासारखी. त्यापुढचे तर अंजिरासारखे खोल चिरलेले (अंजीर तुतीच्याच कुळातले, म्हणा). खोड एक, जनुके तीच, तरी पानांचे एकमत नाही!

फुलांचीही तऱ्हा न्यारी. काही झाडे नर, काही मादी, काहींवर दोन्ही. एखादे झाड तर मध्येच लिंग बदलते. नरफुलातला दुमडलेला पुंकेसर अवघ्या 25 मायक्रोसेकंदांत ताठ होतो आणि परागकण ध्वनीच्या निम्म्याहून अधिक वेगाने भिरकावतो.

पण खरी गंमत पेशीच्या आत आहे. आपल्यात गुणसूत्रे 46. त्यांत एकाची जरी भर पडली तरी डाउन सिंड्रोमसारखे परिणाम दिसतात. तुतीला त्याची फिकीर नाही. चीनमधल्या ‘मोरस नोटाबिलिस’ या रानतुतीत गुणसूत्रे 14. तिचा जीनोम 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. रेशीम अळीच्या आवडत्या पांढऱ्या तुतीत साधारणपणे 28. आणि पश्चिम आशियात पूर्वापार लावली जाणारी काळी तुती? तब्बल 308! म्हणजे चौदाची बावीसपट. एवढा पसारा पोटात घेऊन झाड धडधाकट उभे राहते, वर फळही रसाळ देते.

प्रजननतज्ज्ञांनी याच लवचीकपणाचा फायदा घेतला. बंगालकडची एस-1635 ही जात त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली. आपल्याकडच्या रेशीम शेतकऱ्यांची व्ही-1 मात्र मैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेतला संकर; ती 1997 मध्ये आली. पाने मोठी, जाड, चकचकीत आणि बिनखाचेची. पण तिचे बी पेरले तर प्रत्येक रोप वेगळेच निघणार. म्हणून लागवड बेण्याची, किंवा बेण्यापासून केलेल्या रोपांची. साहजिकच व्ही-1 ची अख्खी बाग म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच झाड. पाला एकसारखा मिळतो, हा फायदा. पण एखादा नवा रोग त्या एका झाडाला भारी पडला, तर बागेतले कुठलेच झाड वेगळे नाही. मला तरी हा सौदा थोडा धोक्याचाच वाटतो.

पुढची सरस जात घडवायची तर कच्चा माल विविधतेतूनच यायचा. तमिळनाडूतल्या होसूरच्या केंद्रीय रेशीम जननद्रव्य केंद्रात त्यासाठी देशविदेशातले तुतीचे बाराशेहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत.