शब्द कळतात, वाक्य चकवतं!

मैत्रिणींनो, इंग्रजी आपल्याला तशी परकी राहिलेली नाही. कुकरची रिंग, मुलांचा टिफिन, सासूबाईंचं बीपी आणि आपलं टेन्शन... दिवसभरात किती इंग्रजी शब्द तोंडून जातात, मोजून बघा. पण कुणी सरळ चार वाक्यं इंग्रजीत बोललं, की घशाला कोरड पडते. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आपण बहुतेक जणी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या. शब्दार्थ पाठ, स्पेलिंग पाठ, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'सुद्धा पाठ. (ते वाक्य माझ्याशी आजवर कुणीही बोललेलं नाही, हा भाग वेगळा!)

मी दुपारी घरी बायकांचा इंग्रजीचा वर्ग घेते. नऊ-दहा जणी येतात. त्यांचं अडतं ते मोठ्या शब्दांपाशी नाही, ओळखीच्या बारक्या शब्दांपाशी. एकीच्या मुलाच्या डायरीत बाईंनी लिहिलं होतं, 'ही मस्ट पुल अप हिज सॉक्स.' तिने सगळे शब्द नीट लावले आणि संध्याकाळी बाजारातून घट्ट इलॅस्टिकचे नवे मोजे आणले. बाईंचं म्हणणं होतं, 'आता कंबर कसून अभ्यासाला लागू दे.' सहामाहीत मुलगा गणितात नापास झाला. घरात बोलणी तिलाच, "तुला साधं वाचता येत नाही का?" वाचता येत होतं हो! एकूण एक शब्द वाचला होता तिने. पण अर्थ त्यातल्या एकाही शब्दात नव्हता.

मराठीत तरी कुठे असतो? आपलं 'लावणं' घ्या. दार लावलं की बंद होतं, दिवा लावला की चालू होतो. कुंकू लावतो, रोप लावतो, कुकर लावतो आणि जीवही लावतो. हे आपण शब्दकोशातून शिकलो का? आई म्हणाली, "दार लाव गं," आणि आपण उठलो. इंग्रजीतलं 'पुट' तसंच आहे. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणं, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं. हा शेवटचा अर्थ वर्गात पुन्हा सांगावा लागला नाही!

काही वेळा आपली मराठीच फसवते. 'पुलिंग माय लेग' ऐकून आपल्याला पाय ओढणारी भाऊबंदकी आठवते. इंग्रजीत ती नुसती फिरकी असते. 'आय ॲम अफ्रेड ही इज आउट' म्हणणारी फोनवरची मुलगी कुणाला घाबरलेली नसते, 'माफ करा, ते बाहेर गेलेत' एवढंच ती सांगते. आणि 'वुड यू माइंड?' विचारलं, की राजी असाल तर 'नो' म्हणायचं, कारण विचारलेलं असतं, 'हरकत आहे का?'

आपण इंग्रजीत जी भर घातली, तिची मात्र मला मुळीच लाज वाटत नाही. 'प्रीपोन' आपल्याकडे रुजला आणि ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. इंग्रज अमदानीत साहेबाच्या नेमणुकीच्या गावाला 'स्टेशन' म्हणत. त्यातलं 'आउट ऑफ स्टेशन' आपण अजून वापरतो. खुशाल वापरा. मात्र मुलीच्या परदेशी शेजारणीला 'माय डॉटर पास्ड आउट' असं सांगू नका. ती म्हणेल, चक्कर येऊन पडली की काय!

आमच्या वर्गात आता शब्दार्थांची वही बंद केली आहे. रोज एक आख्खं वाक्य लिहायचं आणि ते कुठे ऐकलं, कोण कुणाला म्हणालं, तेही शेजारी लिहायचं. कळलं नाही तर नुसती मान डोलवायची नाही. 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट' हे वाक्य सगळ्यांचं तोंडपाठ आहे. या आठवड्याचं वाक्य आहे 'प्लीज बेअर विथ मी'. बँकेत फोन केला की ऐकू येतं ते. 'जरा दम धरा हं,' इतकाच अर्थ. एकीने शेजारी 'अस्वल' लिहून आणलं होतं. आम्ही आधी पोटभर हसलो, मग तिनेच चहा टाकला.