लांबचा पल्ला आणि विजेची मोटार

आपल्या कार्यक्षेत्रात आता विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. गट कार्यालयात त्यावरून चर्चाही रंगते. "तालुक्याला ठीक आहे हो, पण पुण्याला पेशंट न्यायचा म्हटलं आणि मधेच बॅटरी उतरली तर?" हा सभासदांचा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त आहे. डिझेल संपले तर कॅन घेऊन पोरगा धाडता येतो. इथे ती सोय नाही. हिशेब घरीच करून निघावे लागते.

कोल्हापूर-पुणे धरू. अंतर सुमारे २३० किलोमीटर. बॅटरी ४० युनिटची असली तर कंपनीच्या कागदावर साडेचारशेच्या पुढचा आकडा असतो. तो चाचणीतला आकडा. हमरस्त्यावर एसी लावून, चौघे बसून एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरावेत, म्हणजे अडीचशेच्या आसपास. पुणे गाठेल, पण हाताशी शिल्लक काही राहणार नाही. त्यापेक्षा साताऱ्याला थांबावे. तिथवर सव्वाशे किलोमीटरात निम्मी बॅटरी जाते. ३० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर अर्ध्या-पाऊण तासात ती ८० टक्क्यांवर येते, तोवर चहा-नाष्टा उरकतो. ऐंशीच्या पुढे बॅटरी सावकाश भरते. तिथे ताटकळण्यात अर्थ नाही. पुढे पुण्यापर्यंत १६-१७ युनिट पुरतात.

खरी वीज खातो तो वेग. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपट होतो. घाटात दर शंभर मीटर चढाला साधारण अर्धा युनिट जादा लागते. रत्नागिरीहून परतताना आंबा घाट लागतो, तो धरूनच खाली बॅटरी भरून घ्यावी. उतारावर मोटार उलटी वीज करून थोडी परत देते, पण सगळी नाही.

चार्जर नकाशात दिसतो म्हणून चालू असेलच असे समजू नये. आदल्या दिवशी फोन करावा, दोन गन असलेले ठिकाण निवडावे, आणि ते बंद निघाले तर दुसऱ्यापर्यंत जाण्याइतकी, निदान पंचवीस टक्के, शिल्लक ठेवावी. बऱ्याच ठिकाणी मोबाईल ॲपमध्ये आधी पैसे भरावे लागतात. ते घरीच करावे, रस्त्यात रेंज मिळेलच असे नाही.

घरी पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट भरतात, म्हणजे पूर्ण बॅटरीला सारी रात्र. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. शेतीपंपाच्या कनेक्शनवर मात्र गाडी लावू नये. तो दर शेतीसाठी आहे. आणि ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी गाडी निम्म्याच्या खाली जाऊच देऊ नये, कारण वीज नेमकी त्याच रात्री जाते.