गप्प पडणारा पाऊस

"बर्फ कुठाय?"

गुलमर्गच्या त्या हंगामात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच. गाडीचं दार उघडायचं. स्वेटर, कानटोपी, हातमोजे, त्यावर तंगमर्गला भाड्यानं घेतलेला लांब कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट अशा सगळ्या जामानिम्यानिशी एकेक पाहुणा खाली उतरायचा. समोर पसरलेल्या पिवळ्या-करड्या गवताकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. जणू बर्फ मीच कपाटात कुलूप लावून ठेवलाय!

2023-24 चा हिवाळा मी गुलमर्गला काढला. एका प्रवासी कंपनीची टूर मॅनेजर म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत माझा मुक्काम तिथंच होता. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवर. श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर, त्यातला शेवटचा तंगमर्गपासूनचा तेरा किलोमीटरचा रस्ता देवदारांच्या गर्दीतून वळणं घेत वर जातो. हिवाळ्यात या रस्त्यावर चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय गाडी चढत नाही, असं मला पाठ करवून घेतलं होतं. त्या वर्षी साखळ्या गाडीच्या डिकीत गंजत पडल्या होत्या.

इंग्रज अधिकाऱ्यांनी 1927 मध्ये इथं स्की क्लब काढला, तेव्हापासून गुलमर्गचा हिवाळा म्हणजे स्कीइंग. 1998 मध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा सुरू झाला, 2005 मध्ये दुसरा. हा दुसरा टप्पा माणसाला अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. खाली तंगमर्गचा आरिफ खान 2022 मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला गेला. त्या स्पर्धेत भारताचा तो एकटाच खेळाडू. अशा गावात जानेवारी उजाडला तरी मैदानावर बर्फ नव्हता. स्कीच्या दुकानांत लाकडी भिंतींना टेकून ठेवलेल्या स्कीच्या जोड्या पाहिल्या, की मला आमच्या धाराशिवकडची घरं आठवायची. पेरणीचे दिवस उलटून गेलेले आणि तिफण अजून भिंतीला टेकलेली!

ही आठवण उगाच नव्हती. त्याच 2023 मध्ये आमच्याकडं ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला होता. 1901 पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या जिल्ह्यातलेही तालुके होते. डिसेंबरात गावाकडून निघताना वडील म्हणाले, "जा बाई, तिकडं तरी आभाळ भरलेलं असंल." आभाळ तिथंही रिकामंच निघालं. प्रशांत महासागर तापवणारा एल निनो त्या वर्षी जोरात होता. आणि भूमध्य समुद्राकडून येऊन काश्मीरला बर्फ देणारे पश्चिमी झंझावात दुबळे पडले होते.

आता एक कबुली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला साताऱ्याच्या माण तालुक्यातून एका मुलाचा फोन आला. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली होती. आईला आयुष्यात एकदा बर्फ बघायचा होता. "ताई, बर्फ आहे ना?" त्यानं विचारलं. कंपनीकडून सूचना होती, बुकिंग रद्द होता कामा नये. मी म्हटलं, "वर आहे." यात खोटं काही नव्हतं. अफरवटवर थोडा बर्फ होता. पण अर्धं खरं सांगितलं की ते बहुतेक वेळा पूर्ण खोटंच असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दहा-बारा दिवसांनी ते दोघं आले. नऊवारीवर पुरुषी कोट घातलेल्या आजी आणि काठी टेकत येणारे आजोबा. आजोबांची बायपास झालेली. डॉक्टरांनी उंचीवर जायला बंदी केलेली. त्यांना सोडून आजी गोंडोलात बसायला तयार नव्हत्या. म्हणजे 'वर आहे' या माझ्या दोन शब्दांचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता. बाकीचे लोक वर गेले, आणि आम्ही तिघं मैदानाच्या कडेला उन्हात बसलो. माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना.

तिथंच आमचे स्लेजवाले चाचा उकिडवे बसले होते. साठीच्या पुढचे असतील. फिरनच्या आत कांगडी, शेजारी लाकडी स्लेज. बर्फ असला की पाहुण्याला या फळीवर बसवायचं, दोरीनं चढावर ओढत न्यायचं आणि घसरत खाली आणायचं, हा त्यांचा हिवाळ्याचा धंदा. बर्फ नव्हता, तरी ते तंगमर्गखालच्या गावातून रोज वर यायचे. मी एकदा विचारलंही होतं, कशाला येता? म्हणाले, "घरात बसलो तर बायको तोंडाकडं बघते."

आजींनी त्यांना सरळ विचारलं, "कितने दिवस झाले?"

चाचांनी बोटं मोजली. काश्मीरच्या थंडीचा हिशेब घरातल्या लहान पोरालाही पाठ असतो. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलाँ, थोरली थंडी. पुढं वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द, धाकटी. मग दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा, म्हणजे शेंडेफळ! चाचा म्हणाले, थोरल्या चाळिशीतले निम्म्याहून जास्त दिवस गेले आणि गावात एक काडीही पांढरी झाली नाही.

आजी हसल्या. मला म्हणाल्या, "आगं, ही तर नक्षत्रंच की! रोहिणी गेली, मृग गेला, आर्द्रा गेली. आमी बी आशीच बोटं मोजतो."

मग त्या सांगू लागल्या. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. बहात्तरचं साल, लग्न नुकतंच झालेलं. अंगावरची हळद उतरायच्या आत हातात हातोडी आली. दुष्काळी कामावर खडी फोडायची, मिळेल ती सुकडी खायची आणि संध्याकाळी आभाळाकडं बघायचं. चाचांना त्यातलं किती समजलं, कुणास ठाऊक. पण मधेच त्यांनी फिरनमधून कांगडी काढली आणि आजींच्या पुढ्यात सरकवली. आजींनी निखाऱ्यांवर हात धरले.

त्या दिवशी चाचा मला जे म्हणाले, ते मी विसरलेले नाही. "मॅडमजी, तुमच्या पाहुण्यांना बर्फ आज फोटोत हवाय. आम्हाला तो जूनमध्ये भाताच्या खाचरात हवा."

मी पर्यटनाच्या धंद्यात इतकी वर्षं, पण हे गणित मला कुणी सांगितलं नव्हतं. कडाक्याच्या थंडीत पडलेला बर्फ थरावर थर दाबला जाऊन घट्ट बसतो. तो उन्हाळ्यापर्यंत टिकतो, सावकाश वितळतो. झऱ्यांना, ओढ्यांना, झेलमला पाणी पुरवतो. त्यावर भात, सफरचंदाच्या बागा, विजेची जनित्रं, सगळं चालतं. म्हणजे आपण ज्यावर घसरगुंडी खेळतो, ती त्या खोऱ्याची मुदत ठेव असते! आमच्याकडं पाऊस पडतो त्याच दिवशी शेत भिजतं. त्यांच्याकडं पाऊस आधी डोंगरावर साठतो आणि सहा महिन्यांनी शेतात उतरतो.

जाताना आजींनी चाचांच्या हातात शंभराच्या दोन नोटा ठेवल्या. चाचांनी परत केल्या. स्लेज ओढली नाही, तर पैसे कसले? आजी म्हणाल्या, "उचल समज. बर्फ पडला की मला फोन कर." नोटा त्यांनी घेतल्या. मी आजींची माफी मागितली, तर म्हणाल्या, "तू पाऊस पाडणार व्हतीस का? पर पुढच्याला खरं सांग."

त्या आठवड्यात काश्मीरभर मशिदींतून, ईदगाहांतून इस्तिस्काची नमाज झाली. पाण्यासाठीची खास प्रार्थना. आमच्याकडं धोंडी निघते, महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात. देव वेगळे असतील, मागणं एकच.

आणि जानेवारीच्या अगदी अखेरीस, थोरली थंडी संपता संपता, तो आला. पहाटे खिडकीबाहेर विचित्र शांतता वाटली म्हणून पडदा सारला, तर देवदार पांढरे! खाली रस्त्यावर लोक एकमेकांना "नव शीन मुबारक" म्हणत होते. शीन म्हणजे बर्फ, नव शीन म्हणजे नवा बर्फ. चाचा धापा टाकत आले आणि म्हणाले, "अम्मांना फोन लावा."

आजींकडं साधा बटनांचा फोन. चाचांनी माझा मोबाइल हातात घेतला आणि आभाळाकडं धरला. पलीकडून आजी ओरडत होत्या, "हॅलो! आगं, काय बी आवाज येत न्हाई की!"

मी म्हटलं, "आजी, बर्फ पडताना आवाज होत नाही."

क्षणभर त्या थांबल्या. "म्हंजी गप्प पडतो व्हय? बरं. पडू दे. गप्प तर गप्प."

नंतरचे दिवस नुसती धावपळ. खोल्या भरल्या, गोंडोलाच्या रांगा वळणापर्यंत गेल्या, साखळ्या डिकीतून निघाल्या. 21 ते 25 फेब्रुवारीत खेलो इंडियाचे हिवाळी खेळ झाले. त्याच सुमारास सचिन तेंडुलकर आला आणि रस्त्यावर स्थानिक पोरांबरोबर क्रिकेट खेळून गेला. आमच्या ग्रुपमधल्या बायका पुढं चार दिवस तेच बोलत होत्या. आणि 22 तारखेला वरच्या उतारावर हिमकडा कोसळून एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. उशिरा, घाईनं पडलेला बर्फ डोंगरावर नीट बसत नाही, असं तिथले जाणते सांगत होते.

चाचांनी त्या तीन आठवड्यांत कंबर मोडेस्तोवर स्लेज ओढली. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "चाचा, हंगाम भरून निघाला ना?" त्यांनी मान हलवली. "पैसा थोडा आला. पण फेब्रुवारीचा बर्फ पाहुणा असतो. चहा पिऊन उठतो."

ते खरंच होतं. ऊन चढू लागलं, की तो बघता बघता ओढ्यानं वाहून जायचा. ठेव ठेवायच्या आतच मोडत होती. पुढच्या वर्षीही, 2025 मध्ये, गुलमर्गचे हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले.

मग त्याच वर्षी 22 एप्रिलला पहलगामच्या बैसरनमध्ये 26 जणांना मारलं गेलं. त्यात आपले महाराष्ट्रातले सहा जण होते. त्या रात्री मला चाचांचा फोन आला. बराच वेळ त्यांना बोलता येईना. नंतर एवढंच विचारलं, "अम्मांच्या गावचं कुणी नव्हतं ना?" नव्हतं, मी सांगितलं. पण त्यानं आम्हा दोघांनाही हायसं वाटलं नाही.

मी अजून याच धंद्यात आहे. लोक फोन करतात, "बर्फ आहे का?" आता मी सांगते, "आज नाही. पडेल की नाही, सांगता येत नाही. आणि पडला, तर तो तुमच्यासाठी पडलेला नसेल, एवढं लक्षात ठेवा." काहीजण बुकिंग रद्द करतात. करू देत.

घरच्या कालनिर्णयावर मी दोन खुणा करते. जूनमध्ये 'मृग' तिथं छापलेलाच असतो, त्याभोवती गोल. आणि 21 डिसेंबरच्या चौकटीत पेननं लिहिते, 'चिल्ला सुरू.' त्या दिवसानंतर आठवड्याभरात माणहून फोन येतोच. आजींना गुलमर्ग म्हणता येत नाही, नावाची त्यांना गरजही वाटत नाही.

"पडला का गं तिकडं?" एवढंच विचारतात.