जनसंपर्क : व्यवसाय आणि विचार
लेखांक सहावा : व्यावसायिक संस्था आणि जनसंपर्काचे शिक्षण

वकिलास न्यायालयात उभे राहण्यासाठी सनद लागते, आणि त्या सनदेमागील शिक्षणाचा दर्जा राखण्याचे काम १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने भारतीय वकील परिषदेकडे सोपविले आहे. जनसंपर्क अधिकाऱ्याकडे अशी सनद कोणी मागत नाही. १९२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचा वर्ग घेणारे एडवर्ड बर्नेज हे या व्यवसायास सरकारी परवाना असावा, असा आग्रह उतारवयापर्यंत धरून होते. परंतु वाणीच्या स्वातंत्र्याशी ज्याचा इतका निकट संबंध, अशा कामावर परवान्याचा अंमल बसविणे लोकशाहीस सहजी मानवणारे नाही, आणि त्यांची ही तजवीज अमेरिकेत फलद्रूप झाली नाही. परिणामी शिक्षणाला दिशा देण्याचे दायित्व व्यावसायिकांनी आपण होऊन स्थापिलेल्या संस्थांवर येऊन पडले. या संस्थांना विद्यापीठावर हुकूम चालविता येत नाही. शिफारस मात्र करता येते.

या शिफारशीचे सामर्थ्य मात्र थोडे नाही. अमेरिकेतील जनसंपर्क संस्था व पत्रकारितेच्या अध्यापकांची संघटना यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये एक शिक्षण आयोग स्थापन झाला, आणि १९७५ च्या त्याच्या अहवालापासून अभ्यासक्रमाच्या चर्चेत व्यवसाय व विद्यापीठ एकत्र बसू लागले. आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने १९८२ मध्ये एक आराखडा मांडला. त्यात एकात एक अशी तीन वर्तुळे आहेत : आतल्या वर्तुळात जनसंपर्काचे खास विषय, मधल्यात संज्ञापनाची शास्त्रे, आणि सर्वांत बाहेरच्या, विस्तीर्ण वर्तुळात मानव्यविद्या व समाजशास्त्रे. पत्रक कसे लिहावे हे उमेदवारीच्या काळात, दफ्तरात बसूनही शिकता येते. परंतु ज्या समाजाशी बोलावयाचे त्याचा इतिहास, अर्थव्यवहार आणि मनोव्यापार ज्यास अवगत नाही, त्याचे पत्रक कितीही सुबक असले तरी ते लोकांच्या मनापर्यंत पोहोचणार नाही, हा या आराखड्याचा मथितार्थ होय.

आपल्याकडे भारतीय जनसंपर्क संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली, आणि २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहितेचा स्वीकार झाला. तोच दिवस आज राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. ज्या अथेन्स संहितेचा आधार तेव्हा घेतला गेला, ती १९६५ ची असून मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यावर उभी आहे.

सनदेचा धाक नसलेल्या व्यवसायात सचोटीचा पाया शिक्षणातच घालावा लागतो. म्हणून ही संहिता वार्षिक समारंभात वाचून न थांबता वर्गातील परीक्षेचा विषय झाली पाहिजे, आणि संस्थेच्या प्रत्येक ज्येष्ठ सभासदाने निदान एका विद्यार्थ्यास आपल्या देखरेखीखाली उमेदवारी दिली पाहिजे. विद्यापीठांनीही अभ्यासमंडळांवर अशा अनुभवी व्यक्तींना मानाने बोलवावे. ही कामे कोणत्याही कायद्याच्या मंजुरीवाचून अडलेली नाहीत. ती आजच हाती घेता येतील.