फुलातून जन्मलेला लिंगो

जग कसे झाले, याची दोन उत्तरे मी लहानपणी पांढरकवड्यात ऐकली. मौलवीसाहेबांकडे उत्तर एका शब्दात मिळाले. अल्लाहने ‘हो’ म्हटले आणि झाले. दुसरे एका परधान म्हाताऱ्याच्या किंगरीवर ऐकले. ते रात्रभर चालले आणि उजाडले तेव्हा अर्धेच झाले होते.

परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. गोंडांचा सर्वोच्च देव फडापेन. त्याला मूर्ती नाही. पण रात्रभर गायला जातो तो लिंगो, म्हणजे पहांदी पारी कुपार लिंगो. त्याला देव म्हणावे की आदिपुरुष, हा वाद अभ्यासकांनी घालावा. आभाळ गडगडते, झाडावरचे फूल उमलते आणि पहाटे त्यातून मूल बाहेर येते. उंबरावरचा मध त्याच्या तोंडात ठिबकतो.

पुढे बी. ए.ला असताना ग्रीक पुराणकथांचे पुस्तक हाती आले आणि मी चमकलो. तिथे फॅनीस भेटला. काळाने एक चकाकते अंडे घडवले, ते फुटले आणि सोनेरी पंखांचा, स्त्रीही आणि पुरुषही असलेला फॅनीस बाहेर आला. त्याचे दुसरे नाव प्रोटोगोनॉस, म्हणजे पहिला जन्मलेला. आपल्या ऋग्वेदातला हिरण्यगर्भ इथे कोणालाही आठवेल. गंमत अशी, की हेसिअड या थोर कवीच्या सृष्टिकथेत फॅनीस नाहीच. त्याला जपले ऑर्फिअसला गुरू मानणाऱ्या पंथाने, आणि ऑर्फिअस कोण? तंतुवाद्य वाजवणारा गवई! त्या कथेत पुढे झ्यूस फॅनीसला गिळून टाकतो आणि जग नव्याने घडवतो. १९६२ साली थेसालोनिकीजवळ डेर्वेनी येथे चितेच्या राखेत एक अर्धवट जळालेली गुंडाळी सापडली. ऑर्फिअसच्या नावावरच्या अशाच एका सृष्टिकाव्याचे विवरण तिच्यात आहे. गाणारे गेले, राखेतला कागद उरला.

लिंगोही वाजवणाराच. रिकाड गवाडी या म्हाताऱ्याकडे विस्तव आणायला गेला असता तो झाडावर बसून जंतर वाजवतो आणि म्हातारा सगळे विसरून नाचू लागतो. ही कथा नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून उतरवून घेतली. १८६३ साली पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्या पाठात गोंडांना गुहेत कोंडतो तो महादेव. डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनी ही कथा आपल्या बाजूने नव्याने मांडली. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी ती जोडली जाते. माघी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते.

छापील पाठ मला कोरडा वाटतो. परधान समोरच्याचे कूळ पाहून गातो. गोंडांत चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी कुळे, त्याप्रमाणे कथेची वाट बदलते. पुस्तकाला समोर कोण बसले आहे हे कसे कळणार?

त्या रात्री म्हाताऱ्याने किंगरी जुळवत मलाही विचारले होते, “तुहे देव किती रे बाबू?”

“एकच, आजा.”

तो खदखदून हसला. “मंग तुले पयल्यापासूनच सांगा लागन,” म्हणाला, आणि फुलापासून सुरुवात केली.