मोटारीचा सतरा अक्षरी नंबर

मोटार दारात उभी राहिली की आपली दृष्टी प्रथम तिच्या पाटीकडे जाते. आपल्या घरच्या गाडीच्या पाटीवरील नंबर बहुतेक विद्यार्थ्यांस मुखोद्गत असेल. परंतु तो नंबर वस्तुतः मोटारीचा नव्हे, तिच्या नोंदणीचा होय. गाडी कायमची परराज्यात नेली व तेथे तिची नव्याने नोंदणी झाली, की तो बदलतो. पाटी तर काय, चोर पाच मिनिटांत काढून दुसरी लावू शकतो. मोटारीचा स्वतःचा असा नंबर निराळाच असतो. तो कारखान्यात तिच्या सांगाड्याच्या पत्र्यावरच उठविलेला असून ती भंगारात जाईपर्यंत तिच्याबरोबर राहतो. ह्यालाच आपल्याकडे सर्वजण चेसिस नंबर म्हणतात.

ह्या नंबराकडे माझे लक्ष वळले ते एका क्षुल्लक चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी मी एका परिचित गृहस्थांची जुनी मोटार विकत घेतली. गृहस्थ सचोटीचे, गाडीही चांगली. म्हणून मी कागद नुसते चाळले. नाव बदलण्याच्या वेळी असे आढळले की, पत्र्यावर जेथे इंग्रजी ‘बी’ आहे तेथे नोंदणीच्या पुस्तकात आठाचा आकडा पडला आहे. कोणा लेखनिकाची ही जुनी नजरचूक असावी. पण तेवढ्याने कागदावरची मोटार आणि दारातली मोटार अशा दोन निराळ्या मोटारी ठरल्या! चूक दुरुस्त होईतो चार महिने गाडी झाकून ठेवावी लागली आणि मी पूर्ववत सायकलीवरून शाळेस येत राहिलो. हे कित्येक विद्यार्थ्यांस स्मरत असेल.

अशा चुका होणार, हे नंबराची रचना करणाऱ्यांनी आधीच ओळखले होते. पूर्वी प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी होती. अमेरिकेत १९८१ सालापासून सर्व मोटारींस सतरा अक्षरांचा एकच साचा लागू झाला व पुढे तो जगात बहुतेक ठिकाणी रूढ झाला. ह्या सतरा स्थानी इंग्रजी वर्णमालेतील ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे कधीही येत नाहीत, कारण ती एक व शून्य ह्या अंकांसारखी दिसतात. एखाद्या कागदावर चेसिस नंबरात ‘ओ’ दिसला, तर तो खात्रीने चुकलेला आहे असे समजावे.

पहिली तीन अक्षरे कारखान्याची. पहिल्या अक्षरावरून प्रदेश कळतो: जपानी गाडीचा आरंभ ‘जे’ने होतो, जर्मन गाडीचा ‘डब्ल्यू’ने. भारतात झालेल्या गाडीच्या आरंभी ‘एम्’ असतो. ‘एम् ए ३’ म्हणजे मारुती, ‘एम् ए टी’ म्हणजे टाटा, ‘एम् ए १’ म्हणजे महिंद्र. पुढील अक्षरांत गाडीचा प्रकार, एंजिन इत्यादी वर्णन येते व अखेरीस तिचा अनुक्रमांक. अमेरिकन पद्धतीत दहावे अक्षर वर्षाचे असते. २०१० साली ‘ए’, २०११ साली ‘बी’ असा तो क्रम चालतो. मात्र आपल्याकडील सर्वच कारखाने वर्षाची खूण त्याच स्थानी घालीत नाहीत. म्हणून वर्ष नोंदणीच्या पुस्तकातच पाहावे. अंदाजाने विद्वत्ता दाखवू नये.

ह्या सर्वांत मला मौज वाटते ती नवव्या स्थानाची. अमेरिका व कॅनडा येथे तेथील अक्षर हे बाकीच्या सोळांवर नेमलेला पहारेकरीच असते. प्रत्येक अक्षराला एक अंकमूल्य दिलेले आहे आणि प्रत्येक स्थानाला एक गुणक. पहिल्यापासून सतराव्यापर्यंत ते गुणक असे: ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. गुणाकारांची बेरीज करून तिला ११ ने भागावे. जी बाकी उरेल ती नवव्या स्थानी असली पाहिजे. बाकी दहा उरल्यास तेथे ‘एक्स’ लिहितात. वहीत करून पाहण्यास सोपे उदाहरण घ्या: सतराही स्थानी एक. बेरीज ८९ येते, ११ ने भागता बाकी १. नवव्या स्थानी एकच आहे, तेव्हा नंबर बरोबर. आता आठव्या स्थानी चुकून दोन लिहा. बेरीज ९९ झाली, बाकी शून्य, आणि चोरी उघडकीस आली! हा पहारेकरी सर्वज्ञ मात्र नाही. ‘एस्’ ह्या अक्षराचे मूल्य दोनच असल्यामुळे ‘एस्’च्या जागी कोणी दोनाचा आकडा लिहिला तर तो त्याला उमगत नाही. माझ्या ‘बी’चे मूल्यही दोनच, पण त्याच्या जागी आठ पडले असते तर त्याने ते तत्काळ पकडले असते. आपल्या देशात नववे स्थान ह्या कामासाठी सक्तीने राखलेले नाही, ह्याचे मला अजून वाईट वाटते.

नंबर कोठे शोधावा? पुष्कळ मोटारींत पुढील काचेच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरून वाचता येईल अशी लहान पट्टी असते. चालकाचे दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या पट्टीवरही तो सापडतो. परंतु खरा पुरावा म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला नंबर. तो कधी बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, तर कधी पुढच्या आसनापाशी गालिच्याखाली असतो. नेमकी जागा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेली असते. मोटारसायकलीचा नंबर बहुधा हँडलखालच्या मानेवर पाहावा.

ठोकलेल्या नंबराची चिकाटी विलक्षण असते. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यू यॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून नंबर असलेला एक लोखंडी तुकडा मिळाला. त्यावरून ती भाड्याची व्हॅन कोठून घेतली हे कळले आणि भाड्याची अनामत परत मागण्यास आलेला इसम पकडला गेला. नित्याच्या व्यवहारातही हा नंबर जीव वाचवितो. जपानच्या टकाटा कंपनीच्या हवेच्या पिशव्यांत, उष्णता व दमटपणामुळे स्फोटक द्रव्य बिघडून धातूचे तुकडे उडण्याचा दोष निघाला. तेव्हा जगभरच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपली गाडी त्यांत आहे किंवा नाही हे पाटीवरून कळत नाही. चेसिस नंबर द्यावा लागतो. गाडी एकाहून अधिक हातांतून गेली असेल तर कारखान्याचे पत्र जुन्याच मालकाच्या पत्त्यावर जाते. अशा वेळी नव्या मालकाने स्वतः चौकशी करावी.

जुनी गाडी घेणाऱ्या पालकांनी पैसे देण्यापूर्वी तीन ठिकाणी पाहावे: पत्र्यावर, नोंदणीच्या पुस्तकात आणि विम्याच्या कागदावर. वाचताना एकाने मोठ्याने एकेक अक्षर उच्चारावे व दुसऱ्याने बोट ठेवून ताडावे. पत्रा घासलेला, नव्याने रंगवलेला किंवा अक्षरे वेडीवाकडी ठोकलेली दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा, किंमत कितीही स्वस्त असो. मुलांनी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरविण्याचा खेळ केलाच असेल. तीच युक्ती येथे करावी. नंबरावरील धूळ पुसून पातळ कागद घट्ट धरावा, मऊ शिशाची पेन्सिल आडवी फिरवावी, म्हणजे सतराही अक्षरे हुबेहूब उमटतात. नोंदणीच्या अर्जावर असाच छाप लावतात. माझ्या गाडीचा तसा एक छाप नोंदणीच्या पुस्तकात घडी करून ठेवला आहे. त्यात ‘बी’ अगदी स्पष्ट दिसतो.