तीन घरं दाखवतात, व्हिसा दाखवत नाहीत

अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसावरच्या एक लाख डॉलर शुल्काची बातमी आली, त्या शनिवारी सुट्टीसाठी घरी आलेल्या कितीतरी मुलांनी घाईघाईने परतीची तिकिटं शोधली. शुल्क फक्त नव्या अर्जांना लागू होणार, हा खुलासा नंतर आला. त्या दोन दिवसांत दिसलं ते एवढंच, की परदेशातला संसार एका कागदाच्या आधारावर उभा असतो. आणि परदेशी राहायला जाणाऱ्यांवरचे जे कार्यक्रम मी कित्येक वर्षं आवडीने बघत आले, त्यांत नेमका हाच कागद क्वचित दिसतो.

‘हाउस हंटर्स इंटरनॅशनल’ हा त्यातला सर्वांत नावाजलेला. अमेरिकेतल्या एचजीटीव्ही वाहिनीवर २००६ साली तो सुरू झाला. एक जोडपं, एक एजंट, तीन घरं. नवऱ्याला भर शहरात राहायचं असतं, बायकोला अंगण हवं असतं. जाहिरातींसकट अर्ध्या तासात निर्णय होतो आणि शेवटी दोघं नव्या गच्चीत कॉफी पीत बसलेली दिसतात.

चित्रीकरण मात्र बरोबर उलट्या क्रमाने होतं. याच कार्यक्रमाच्या अमेरिकेतल्या मूळ आवृत्तीत भाग घेतलेल्या एका बाईंनी २०१२ मध्ये उघड सांगितलं, की घराचा व्यवहार पुरा झाल्यावरच त्यांची निवड झाली होती. ‘नापसंत’ केलेली दोन घरं मित्रमंडळींची होती आणि ती विकायला काढलेलीही नव्हती. वेळ वाचावा म्हणून घर घेण्याच्या प्रक्रियेत बरीच पुढे गेलेली कुटुंबंच आम्ही शोधतो, असं वाहिनीने त्यावर सांगितलं. परदेशी आवृत्तीत झळकलेल्यांचे अनुभवही याच वळणाचे आहेत. कित्येक महिने ज्या घरात राहतोय, त्यातलं सामान बाहेर काढायचं, ते पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा करायचा, मग सामान परत लावून ‘तीन महिन्यांनंतर’चा प्रसंग द्यायचा. एकच दार चार वेळा उघडायचं. चार-पाच दिवस हे चालतं आणि त्याचे साधारण दीड हजार डॉलर मिळाल्याचं सहभागींनी लिहिलं आहे.

या बनावाचा मला फारसा राग येत नाही. व्यवहार फिसकटला तर भाग कसा पुरा करणार, ही निर्मात्यांची अडचण खरी आहे. पण निर्णय आधीच झालेला असल्यामुळे तो ज्या भीतीतून घेतला जातो ती पडद्यावर उरतच नाही. परवाना कोणाच्या नावावर आहे, जोडीदाराला काम करता येईल का, नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडावा लागेल, आजारी पडलो तर विमा कुठला? स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा आहे का, यावर मात्र पाच मिनिटं चर्चा होते.

घर घेतलं म्हणजे राहायचा हक्क मिळाला, हा समज या कार्यक्रमांनी घट्ट केला आहे. ब्रिटनच्या चॅनल फोरने २००० साली ‘अ प्लेस इन द सन’ हा परदेशातल्या घरांवरचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ब्रिटिश माणूस स्पेनमध्ये घर घेऊन खुशाल राहू शकत होता. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, दीर्घ मुदतीचा व्हिसा नसेल तर त्याला दर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच तिथे काढता येतात, मग घर स्वतःचं का असेना. पाच लाख युरोंचं घर घेतलं की निवास परवाना देणारा ‘गोल्डन व्हिसा’ही स्पेनने ३ एप्रिल २०२५ रोजी बंद केला, कारण घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. आपल्याकडेही परदेशातल्या फ्लॅटच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. त्या वाचताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

युरोपातले काही कार्यक्रम याहून प्रामाणिक आहेत. नेदरलँड्समधला ‘इक व्हरट्रेक’, म्हणजे ‘मी निघालो’, २००५ पासून गळकी छपरं, रखडलेले परवाने, भाषा न शिकता गेलेली माणसं हे सगळं दाखवतो. जर्मनीत वॉक्स वाहिनीच्या ‘गुडबाय डॉइचलँड’ने परदेशी स्थायिक झालेल्या येन्स ब्यूश्नरला देशभर प्रसिद्ध केलं. स्पेनच्या मायोर्का बेटावर त्याचे आधीचे धंदे चालले नाहीत, पण टीव्हीने दिलेल्या नावावर तो तिथे गाऊ लागला. २०१८ मध्ये त्याने कॅफे उघडला आणि त्याच वर्षी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कर्करोगाने तो गेला. परक्या देशात त्याला खरा आधार दिला तो कॅमेऱ्याने, आणि असा कॅमेरा लाखांत एखाद्याच्याच वाट्याला येतो.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो बीबीसीचा ‘वॉन्टेड डाउन अंडर’. २००७ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम ब्रिटिश कुटुंबाला आठवडाभर ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये राहायला नेतो. घरं बघतात, नोकरीची चौकशी करतात, दूध-पावापासून महिन्याचा खर्च मांडतात. मग एके दिवशी सगळ्यांना सोफ्यावर बसवून मायदेशातल्या नातेवाइकांचा व्हिडिओ लावतात. आजी बोलता बोलता थांबते. आजोबा ‘तुमचं भलं होईल तेच करा’ म्हणतात आणि नजर दुसरीकडे वळवतात. समुद्रकिनाऱ्यावर आठवडाभर हसणारा बाप तिथे ढसाढसा रडतो. शेवटी घरातला प्रत्येक जण, लहान मुलंसुद्धा, हातातलं कार्ड उचलून ‘जायचं’ की ‘राहायचं’ ते सांगतो.

तो सोफा मला ओळखीचा वाटतो. कोथरूडमध्ये, डोंबिवलीत, नाशिकमध्ये रोज रात्री साडेनऊला टॅब्लेटसमोर बसलेले आईवडील असेच बोलतात. तब्येत विचारली की ‘एकदम ठणठणीत’ म्हणतात आणि गुडघ्याचं दुखणं फोन ठेवल्यावर एकमेकांना सांगतात.

आपल्या मराठी वाहिन्यांनी हा विषय घ्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. चित्रीकरण परदेशातल्या घराच्या दारात सुरू करू नका. वांद्र्याच्या बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीबाहेरच्या रांगेत करा, बँकेत शैक्षणिक कर्जाला जामीन राहणाऱ्या वडिलांच्या सहीपासून करा. आणि शेवटी जेव्हा कार्डं वाटाल, तेव्हा एक आजीच्याही हातात द्या.